छप्पर कापलेली ‘ओरिजिनल’ गाडी

मित्रहो, आज सकाळी उंब्रजला जे पाहिलं, त्याची किळस अजून जात नाही.

आमच्या शेजारच्या दस्तगीरचाचांनी महाबळेश्वरला टॅक्सी म्हणून चालवलेली आपली जुनी छोटी मोटार गेल्या वर्षी एका ‘व्हिंटेज शौकिना’ला दिली. अट एकच होती: मुळात होती तशीच ती पुन्हा उभी करायची. आज ती पाहायला मी चाचांबरोबर गेलो.

शौकिनाच्या दारात लालभडक, बिनछपराची गाडी उभी होती. चाचा म्हणाले, “आवं, ही माझी गाडी न्हवं.”

मग त्यांनी मागची गादी उचलली. तिथं रंगाऱ्याचा हात पोचला नव्हता. खाली तोच मूळ राखाडी रंग होता. गाडी चाचांचीच होती.

“छप्पर कुठाय?” मी शौकिनाला विचारलं.

“कापून भंगारात दिलं. वरातीत नवरदेव उभा राहाय नको व्हय? लय मागणी हाय. बाकी गाडी ओरिजिनल हाय, साहेब!”

चाचा त्याला एवढंच म्हणाले, “महाबळेश्वरच्या पावसात पंचवीस वर्षं एक थेंब आत आला न्हवता रं.”

हा शौक नव्हे, खाटीकखाना आहे. येत्या लग्नसराईत ही गाडी तुमच्या दारात आली, तर नवरदेवाला तिच्यात चढू द्याल?