चुकली तिनं पुढं

नवरा होडी घेऊन समुद्रात गेला, तरी आमची येसूबाई निवांत झोपायची. पण लेक हिरा शाळेला निघाली, की ती दिसेनाशी होईपर्यंत येसूबाई दारातून हलायची नाही. आमच्या घिवली गावाजवळ अणुवीज केंद्र उभं राहत होतं, त्या दिवसांतली ही गोष्ट. शाळा खाडीपलीकडे, रस्त्यानं लांबचा वळसा. म्हणून आठवीतल्या पोरी ओहोटीला खाडीतूनच जायच्या. कधी तर भरती लागल्यावरही, कंबरभर पाण्यातून, दप्तरं डोक्यावर घेऊन. हे कळलं तेव्हा येसूबाईनं सगळा दोष कमळीवर ठेवला. कमळी म्हणजे हिराच्या वर्गातली, माडावर चढणारी, मोठ्यानं हसणारी पोर. तिच्यावर दोष ठेवायला गावात कुणाला पुरावा लागत नसे.

कमळीची संगत तोडून येसूबाईनं हिराला मासळीवाल्या बायकांबरोबर रस्त्यानं धाडलं. पोर कोरडी पोचू लागली, एवढंच. सहामाहीला हिरा नापास आणि कमळी पास. वार्षिकलाही असंच झालं तर शाळा संपली, असं गुरुजींनी बजावलं. लेकीनं आपल्यासारखी मासळीची पाटी घेऊन दारोदार फिरू नये, याहून येसूबाईला दुसरं काही नको होतं.

शेवटी मान खाली घालून ती कमळीकडे गेली. कमळीनं सांगितलं, की पाण्यात उतरण्याआधी त्या एकमेकींना धड्यावरचे प्रश्न विचारतात. चुकली तिनं पुढं व्हायचं आणि पायानं चिखल चाचपायचा. त्या भीतीनंच कमळी घोकायची. बहुतेक प्रश्न काढायची हिरा, आणि त्यातच तिचा अभ्यास व्हायचा. रस्त्यावर प्रश्न विचारायला तिच्याबरोबर कुणी उरलंच नव्हतं.

"मंग हिरा कवाच पुढं जात नसंल," येसूबाई जरा धीर येऊन म्हणाली.

"काकी, रोज तीच पुढं. तिला समदं येतं. आमाला पुढं जावं लागू नये म्हनून मुद्दाम चुकायची."

एवढे दिवस येसूबाई भलत्याच पोरीला शिव्या घालत होती.

दुसऱ्या दिवशी ती हिराला घेऊन खाडीवर आली. पोरी जमल्या होत्या, पाणी नुकतं चढू लागलं होतं. येसूबाईनं लुगड्याचा कासोटा आवळला.

"आदी मला इचार," ती लेकीला म्हणाली. "मला लिवता-वाचता येत नाय. मीच चुकनार."

हिरानं हळूच एक प्रश्न विचारला. येसूबाई चुकली आणि पाण्यात उतरली.

वार्षिक परीक्षेपर्यंत ती रोज चुकली, रोज पुढं चालली. हिराला मुद्दाम चुकायला जागाच उरली नाही.