पहिल्या बैलाचा मान

बाबांच्या मृत्युपत्राच्या खटल्याच्या तारखेला दुर्गच्या कोर्टात गेलो की हा म्हातारा हटकून माझ्याच बाकावर येऊन बसायचा. नाव मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर आणखी तासभर गेला असता. मांडीवर पिशवी, पिशवीत टॉवेल आणि टॉवेलात त्याच्या पणजोबाच्या बापानं इंग्रजांच्या काळात केलेलं मृत्युपत्र. कोणी जवळून गेलं की तो पिशवी पोटाशी धरायचा, जसं काही सारं भिलाई तीच चोरायला टपलं आहे.

त्याचं भांडण चुलतभावाशी होतं. एकदा मी वैतागून विचारलं, "काकाजी, शेत हाय तरी केवढं?"

"शेत कुठलं? ते तं कवाच खदानीत गेलं. पोळ्याले तोरणाखालून पहिला बैल थोरल्या घरचा जाईन, असं आमच्या बुढ्यानं लिवलं हाय. थोरलं घर आमचं."

मी कपाळावर हात मारला. "मंग बैल हायेत तुमच्याकडे?"

"स्मृति नगरच्या कॉलनीत बैल कुठं बांधू?"

"अन् चुलतभावाकडे?"

"त्याच्याकडे बी नाही."

"मंग कावून भांडून राहिले?"

त्यानं टॉवेलाची घडी शांतपणे पुन्हा घातली. "शेत गेलं, बैल गेले. आता रायलेला मान बी त्यालेच देऊ काय?"

तेवढ्यात आमचा पुकारा झाला. समोरच्या बाकावरून माझा सख्खा भाऊ उठला आणि आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता आत गेलो. बाबांचं क्वार्टर रिटायरमेंटलाच कारखान्याकडे परत गेलं होतं. आमचा वाद होता तो देवघरातले देव कोणाकडे राहायचे, एवढ्याचाच.