घरयादीच्या आडून

या उन्हाळ्यात शाळेने मला जनगणनेच्या कामाला जुंपलं आणि देवपुरातल्या चार गल्ल्या माझ्या वाट्याला आल्या. घरयादीचं काम. भिंत कशाची, छत कशाचं, माणसं किती, विवाहित जोडपी किती, असं एकेक विचारायचं आणि मोबाइलवर भरायचं. उन्हाने डोकं तापायचं, तरी मी एकही घर टाळलं नाही. मी काही फार कामसू बाई नाही. नवरा गेल्यापासून घरात मी आणि मुलगा दोघंच, मुलगा तिशी ओलांडलेला घोडनवरा, आणि मला त्याच्यासाठी बायको शोधायची होती.

खोटं कशाला बोलू? रावेरकडचं स्थळ हातचं गेलं. पिंप्राळ्यातल्या मुलीने मुलाचं खतबियाण्याचं दुकान आहे एवढं ऐकूनच नकार कळवला, तिला पुण्यातला नोकरीवाला हवा होता. दोन वर्षं नातेवाइकांचे उंबरे झिजवून झाले होते. आता सरकारच दारोदार पाठवत होतं. जोडप्यांचा आकडा भरला की मी सहज विचारल्यासारखं करायचे, "मुलगी काय करते? तिचं कुठे जमलं का?" हा प्रश्न यादीत नव्हता. लोकांना वाटायचं सरकारच विचारतंय, आणि ते सांगून टाकायचे. असं घर मी वहीच्या शेवटच्या पानावर टिपून ठेवायचे. घरोघरची माहिती बाहेर वापरायची नाही, असं प्रशिक्षणात चांगलं बजावलं होतं. पण गरजवंताला अक्कल नसते.

पान काही भरेना. जिथे जावं तिथे मुलगेच. एका घरात म्हातारे आबा आणि तिघे मुलगे, धाकटासुद्धा अठ्ठावीसचा. बाईमाणूस नाहीच. जेवण डब्यातून आलेलं, चौघं वर्तमानपत्रावर पोळ्या ठेवून जेवत होते. मी जोडपी विचारली तशी थोरल्याने मान खाली घातली. आबाच म्हणाले, "मॅडम, बठ्ठी गल्ली फिरतस तुम्ही. एखादी पोर दखायनी ते सांगज्यात." मी शून्य भरलं. पण दिसेल ती मुलगी त्यांना कळवायची म्हटल्यावर मला त्यांचा रागच आला, म्हटलं, हे माझ्या आधी रांगेत उभे. त्या रागाची लाज वाटली ती बाहेर गल्लीत आल्यावर.

शेवटच्या गल्लीत एक दार ओळखीच्या बाईने उघडलं. लग्नानंतर आम्ही दोघी एकाच घरमालकाच्या शेजारशेजारच्या खोल्यांत भाड्याने राहायचो. दोघींना पहिल्यांदा दिवस गेले तेही एकाच महिन्यात. दोघींच्या सासरी एकच हट्ट, पहिला मुलगाच पाहिजे. पोटात काय आहे ते चोरून सांगणारा एक दवाखाना होता, तिथे आम्ही बरोबर गेलो. दोघींनाही मुलगी सांगितली. पुढच्या आठवड्यात पोट मोकळं करायला बोलावलं, तेव्हाही बरोबरच गेलो. तिथल्या बाकावर बसलो असताना ती उठली, चप्पल घातली आणि निघून गेली. मी बसून राहिले. मग सासरच्यांनी तिचे फार हाल केले, महिन्याभरात त्यांनी खोली सोडली, आणि तिची-माझी गाठ पडली ती आता.

पाणी घेऊन आली ती तिची तीच मुलगी. बँकेत नोकरीला, लग्न झालेलं नाही. बहुतेक उत्तरं तिनेच पटापट दिली. बोलण्यात माझ्या मुलाचा विषय निघाला, ती त्याच्याहून दीड वर्षाने मोठी. एके काळी असं स्थळ मी दारातूनच परतवून लावलं असतं, पण त्या दिवशी मनात आलं, चालेल. आणि माझी जीभ वळलीच, "हिचं कुठे जमलं का?"

आईने मुलीला आत पाठवलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "अक्का, ताकले जाईसन भांडं काबर दपाडतस? तुमना पोऱ्या गुणी हुई. पन मी पोर देवाव नही. उद्या तिले दिवस गयात का तुम्ही तिले कोठे लई जाशात, माले माहीत शे."

मी म्हणू शकले असते की आता काळ बदलला. तोंडातून निघाला तो यादीतला उरलेला प्रश्न, "मुख्य धान्य कोणतं खाता?" ती म्हणाली, "ज्वारी." मी ज्वारी भरली आणि बाहेर पडले. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि वाटायला हवी होती तेव्हा तर मुळीच वाटली नव्हती.

संध्याकाळी जेवताना मुलाने रोजच्यासारखी थट्टा केली, "काय आई, सापडली का सून?" मी त्याला सगळं सांगितलं. तुला एक मोठी बहीण असती, आणि ती का नाही, हेही सांगितलं. त्याने विचारलं,

"माझ्या वेळी पण तिथेच गेली होतीस?"

"हो."

"आणि मी पण मुलगी निघालो असतो तर?"

मी त्याला भाजी वाढायला घेतली. त्याने ताट बाजूला सारलं. म्हणाला, "माझ्यासाठी आता कोणाची मुलगी मागू नको."