गुरुबसप्पांनी ओट्सला शाल पांघरली

आमच्या शेजारचे गुरुबसप्पा म्हणजे लातुरात चाळीस वर्षं किराणा विकलेला माणूस. तुरीचा दाणा दाताखाली धरून तो कुठल्या रानातला हे सांगतील, पण स्वतःचा चहा स्वतः केलेला मी पंधरा वर्षांच्या शेजारात पाहिला नाही. घरातला साखरेचा डबा कुठं असतो, हेही त्यांना बायकोला, नीलाअक्कांना, विचारावं लागतं. अशा माणसानं मागच्या उन्हाळ्यात स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि त्याची झळ माझ्या पोटाला बसली.

झालं असं, त्यांची लेक सृष्टी किनवटकडे आश्रमशाळेत शिकवते. नांदेडला तिचं दहा दिवसांचं प्रशिक्षण लागलं. दहा महिन्यांच्या वीरेशला ठेवायचं कुठं? उमरीला सासूबाई पदर खोचून तयार, इकडं आजोबा दिवसातून चारदा फोन लावून तयार. सृष्टी पडली मास्तरीण. तिनं परीक्षाच लावली. "सकाळी तो रात्री भिजवलेले ओट्स आणि फळच खातो, अप्पा. शुक्रवारी येते. शनिवारी सकाळी नीट जमलं तर ठेवीन, नाहीतर उमरी."

मागोमाग मोबाइलवर कृती आली. ओट्स मिक्सरमधून काढून उकळून गार केलेल्या दुधात रात्रभर ठेवायचे, सकाळी फळ कुस्करायचं, मध नाही, साखर नाही.

नीलाअक्का फणकारल्या. "रातचं शिळं लेकराच्या तोंडात? माझ्या हातून न्हाई व्हायचं."

मग राहिले अप्पाच.

रात्रभर ठेवायचं, हे कृतीत होतं. कुठं, ते नव्हतं. आपल्याकडं रात्रभर काय ठेवतात? दही, आंबील, इडलीचं पीठ. आणि ते ठेवतात उबेला. अप्पांनी बरणीचं झाकण गच्च आवळलं, वर व्यापाऱ्यांच्या मेळाव्यात मिळालेली सत्काराची शाल गुंडाळली आणि बरणी पिठाच्या डब्यामागं निजवली. मे महिना, लातूर. सकाळी झाकण फिरवताच आतला माल भिंतीवर गेला. उरलेलं वाटीत घेऊन अप्पा माझ्या दारात.

"उज्वला, जरा चाखून सांग. आंबट हाय का?"

मी बोटाला लावून पाहिलं. "आंबट न्हाई अप्पा, चिडलेलं हाय."

"कामून चिडलं असंल?"

"शाल जाड झाली असंल."

खरं सांगायला हवं होतं, कबूल. पण दुसऱ्या दिवशी अप्पांनी शालीऐवजी पातळ टॉवेल गुंडाळला, तो पाहायला मिळाला, हेही काही कमी नाही. तिसऱ्या दिवशी मात्र त्यांचं उतरलेलं तोंड पाहवेना. फ्रिज दाखवला.

मग गाडी रुळावर आली. रोज सकाळी आमच्या घरी चार वाट्या हजर. कधी अर्धापूरची केळी, कधी चिकू, कधी आंबा. आमचे दयानंदराव पहिल्या दिवशी म्हणाले, "हे काय गुरांचं?" तिसऱ्या दिवशी ते दारात चमचा घेऊन उभे.

नीलाअक्कांचं पालुपद चालूच होतं, शिळं ते शिळं. शेवटी अप्पा म्हणाले, "येळवशीच्या सणाची आंबील तू दोन रोज मुरवतीस आन् शेतात बसून सगळ्यांला वाढतीस. ती ताजी व्हय?"

"ती देवाला दावलेली असती."

"मंग लेकरू काय कमी देव हाय?"

अक्का भांडी घासायला निघून गेल्या. ही बातमी दुपारपर्यंत सगळ्या गल्लीत होती. कशी गेली, मला विचारू नका.

शनिवारी सकाळी मी विरजण मागायला गेले. विरजण माझ्या घरी होतं, तो भाग वेगळा. बरणी फ्रिजमध्ये तयार, पण वीरेश ठरलेल्या वेळेआधी तासभर उठला आणि त्यानं घर डोक्यावर घेतलं. अप्पा आंघोळ करून, भस्म लावून, तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसलेले. मध्ये बोलायचं नाही, उठायचं नाही. नुसते डोळे फ्रिजकडं जाऊन येत होते.

सृष्टी हाताची घडी घालून म्हणाली, "रोज असंच होणार असंल, तर उमरीच बरी."

अप्पा पूजा अर्धी सोडून उठतात की काय, असं मला वाटलं. तेवढ्यात नीलाअक्का उठल्या. कुणाकडं न बघता त्यांनी बरणी काढली, वाटी कोमट पाण्यात धरून गारवा घालवला, केळं कुस्करलं आणि नातवाला मांडीवर घेतलं. पहिल्या चमच्याला वीरेशनं तोंड वाकडं केलं. दुसऱ्याला आपणहून आ केला. अप्पांची पूजा आटोपेपर्यंत वाटी चाटूनपुसून साफ.

"ठेवते," सृष्टी म्हणाली.

पुढचे दहा दिवस रात्री भिजवायचे अप्पांनी, सकाळी भरवायचं अक्कांनी. अप्पांनी चमचा पुढं केला की वीरेश ओठ मिटायचा. एकदा उमरीच्या विहीणबाईंचा फोन आला. अक्का ठसक्यात सांगत होत्या, "आवो, आमच्यात पहिल्यापासून असंच भिजवून देत्यात."

अप्पांनी माझ्याकडं पाहिलं. बोलायला तोंड उघडलं होतं, पण वीरेश त्यांच्या पोटावर झोपला होता. मिटलं.