रंगमंचावर नसलेलं टेबल

टेलरमास्तरांना दोन नाद होते, शिलाईचा आणि नाटकाचा. त्यांनी शिवलेली पँट कधी कोणी परत आणली नाही. नाटकाचं मात्र काही खरं नव्हतं.

गल्लीतल्या हौशी मंडळींना घेऊन मास्तर दरवर्षी एक नाटक बसवायचे. अशी अठरा वर्षं झाली, आणि अठराही नाटकं रडवणारी. विनोदी नाटकाचं नाव काढलं की मास्तर नाक मुरडायचे. "हसवण्यात काय मोठंसं? माणूस धडपडला तरी लोक हसतात!" गेल्या वर्षी तर मध्यंतरानंतर हॉलमध्ये अकरा माणसं उरली, आणि त्यातली चार तर घराच्या किल्ल्या नटांकडे होत्या म्हणून थांबलेली.

"अहो, पुरे आता," बायको म्हणाली. "लोक तोंडावर बोलत नाहीत, एवढंच."

मास्तर इरेला पेटले. "पुढच्या वर्षी मध्यंतरानंतर अर्ध्या खुर्च्या रिकाम्या दिसल्या, तर दिग्दर्शन कायमचं बंद! शब्द आहे माझा." म्हणाले खरे, पण लगेच पस्तावले. नाटकावाचून त्यांचं पान हलत नव्हतं, आणि दिलेला शब्द फिरवणाऱ्यांतले ते नव्हते.

मग काय, मास्तरांनी यंदा कंबर कसली. तालमी नेहमीप्रमाणे दुकानातच, सकाळी सहा ते आठ. दुकानाच्या मधोमध आठ फुटांचं कटिंगचं टेबल, आणि भोवती माणूस अंग चोरून जाईल एवढीच वाट. गोष्ट साधी होती. सात वर्षांनी मुलगी घरी येते. दरम्यान आई वारलेली. बापलेकीचं आधी कडाक्याचं भांडण होतं आणि शेवटी दोघं गळ्यात पडतात. बापाचं काम गल्लीतल्या पोस्टमनकडे, मुलीचं दवाखान्यातल्या सिस्टरकडे. मास्तरांचं काम इंचटेपाचं, त्यामुळे पावलंसुद्धा मोजून दिलेली. टेबलाच्या कोपऱ्याशी "बाबा", इस्त्रीपाशी हुंदका. चार महिने हेच चाललं होतं. बायको मागे बटणं लावत बसायची. तिला कोणी काही विचारलं नाही, आणि तीही काही बोलली नाही.

प्रयोग रविवारी दुपारी, दुकानासमोरच्या हॉलमध्ये. माणसं चिक्कार. पडदा उघडला. रंगमंचावर एक खुर्ची, बाकी मोकळं मैदान. पोस्टमन खुर्चीतून उठला, चार पावलं सरळ आला, मग अंग चोरून तिरका झाला, कशाला तरी वळसा घातला आणि पुन्हा सरळ चालू लागला. सिस्टर आत आली. तिनेही तोच वळसा घातला. मधे काहीच नव्हतं! लोक एकमेकांकडे बघू लागले. मग भांडण रंगात आलं, पोस्टमनने सवयीने नसलेल्या टेबलावर कोपर टेकलं आणि धाडकन आडवा झाला.

हॉल खदखदून हसला.

"अरे, सरळ चाला!" मास्तर विंगेतून दबक्या आवाजात ओरडले. सिस्टर गुणी बाई, लगेच सरळ चालली, आणि तीन वाक्यं आधीच बापासमोर जाऊन पोचली. आता बोलायचं काय? वाक्यं सगळी पावलांना चिकटलेली. ती तोंड उघडं ठेवून उभी राहिली. लोक डोळे पुसत होते, पण हसून हसून.

मध्यंतर झालं. मास्तर विंगेत एका खोक्यावर मटकन बसले. "संपलं," एवढंच म्हणाले. बाहेर माणसं उठायला लागली होती.

बायको तिसऱ्या रांगेत होती. ती नुसती बसून राहिली असती, तरी तिचं म्हणणं खरं झालं असतं. पण मागचा एक गृहस्थ मास्तरांची नक्कल करून दाखवायला लागला आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली. नवऱ्याला नावं ठेवायची तर ती ठेवेल, हा कोण टिकोजीराव? ती तरातरा दाराशी गेली आणि घरी निघालेल्या आठ जणांना तिने अडवलं. "उठलाच आहात, तर जरा हात लावा!" त्या गृहस्थालाही सोडलं नाही. आठ जणांनी घामाघूम होत दुकानातलं टेबल उचलून आणलं आणि रंगमंचावर ठेवलं. एवढे कष्ट केल्यावर पुढे काय होतं ते बघायला नको? सगळे परत येऊन बसले. त्यांना बघून बाकीचेही बसले.

बायको टेबलावरचं कापड सारखं करत होती, तेवढ्यात घंटा झाली आणि पडदा उघडला.

"अगं, बाहेर ये!" मास्तर विंगेतून हात हलवत होते. तिचे पाय जागचे हलेनात. मग तिने तेच केलं जे रोज तालमीच्या वेळी करायची, दुकानाचं काम. टेबलावरची कात्री उचलली आणि मान खाली घालून कापड कापायला लागली. बापलेक टेबलाच्या दोन बाजूंनी फिरत राहिले. वाक्यं बिनचूक आली, कोपऱ्याशी "बाबा" आलं, आणि दोघांच्या मधे ती कोणाकडेही न बघता कापत राहिली. हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू आली असती. नक्कल करणाऱ्या गृहस्थाने रुमाल काढला.

पडदा पडला. मास्तर धावत आले. "अगं, लोकांना वाटलं तू वारलेली आई आहेस! अख्खा हॉल रडला. एक खुर्ची रिकामी नव्हती!"

"म्हणजे मी मेलेली होते?"

"हो ना!"

बायकोने कात्री खाली ठेवली. तिचेही डोळे भरले होते, पण आवाज नेहमीचाच होता. "एकोणीस वर्षं तुमच्या सगळ्या तालमी ऐकल्या. एकूण एक वाक्य पाठ आहे मला. एकदा तरी विचारलंत, तू करतेस का म्हणून? आणि आज काम मिळालं, तर तेही मेलेल्या बाईचं!"

खरंच विचारलं नव्हतं.

"पुढच्या वर्षी मी जिवंत पाहिजे," ती म्हणाली, "आणि भरपूर बोलणार आहे."