शुक्रवारचा पलंग

आमची धाकटी सून आधी एका कारखान्याच्या ऑफिसात होती. कारखाना बंद पडला, तशी शाळेत लागली. नववी-दहावीच्या पोरांना धंदा शिकवते. आणि कसा, तर वर्गातच कंपन्या काढून! एक पलंगांची, एक सायकलींची. माल औषधालासुद्धा नाही. पण भाव सांगायचा, बिल करायचं, गिऱ्हाइकाची बोलणी खायची, सगळं अगदी खऱ्यासारखं. दुसऱ्या वर्गातली पोरं गिऱ्हाईक बनून, आवाज बदलून शाळेच्या ऑफिसातल्या फोनवर फोन करतात.

हेडमास्तरांना काही ते पटेना. "बाई, भातुकली पुरे झाली. पुढच्या वर्षी हा तास बंद." सुनेचा जीव त्या तासात. तिला घास गोड लागेना.

त्यातच पलंगवाल्यांची जाहिरात कुणीतरी शाळेच्या नंबरासकट फाटकाबाहेर चिकटवली, आणि गुरुवारी एक म्हातारबाबा वर्गाच्या दारात उभे.

"माझा पलंग कुठाय? बायको उद्या हॉस्पिटलातून घरी येतेय. तुमच्या पोरीनं फोनवर शुक्रवार सांगितलाय."

ती पोरगी म्हणजे चिमणी. तिला वाटलेलं, दहावीतलाच कुणी सोंग करतोय. वर "काय मस्त खोकता हो!" असंही म्हणालेली.

मागून हेडमास्तर आले. सुनेच्या तोंडचं पाणी पळालं. ती माफी मागणार, तोच चिमणी उठली.

"आजोबा, आमची कंपनी खोटी आहे. पलंग एकही नाही. पण शुक्रवार मी सांगितलाय ना? बसा तुम्ही."

सुनेनं माफी गिळली आणि पोरांवर ओरडली, "खरेदीवाले, बघत काय बसलात? फोन लावा!"

एक दुकानदार हसला, दुसऱ्यानं पंधरवडा मागितला. शेवटी एकाकडे कठड्याचा पलंग भाड्यानं निघाला. तेवढ्यात चिमणी म्हणाली, "आजोबा, तुमचं दार केवढं?" बाबांना कुठलं ठाऊक! दोन पोरं मापाची टेप घेऊन त्यांच्यासोबत गेली. दार अरुंद. मग सुटा होणारा पलंग ठरवला. शुक्रवारी आजी घरी आल्या, तेव्हा पलंग खिडकीशी लावून तयार.

सोमवारी ऑफिसातला फोन वाजला. हेडमास्तरांनी उचलला आणि तसेच वर्गात आले.

"तक्रारी कोण बघतं रे? पलंग कुरकुरतोय म्हणे. चला, गिऱ्हाईक खोळंबलंय!" मग सुनेकडे वळून पुटपुटले, "बाई, पुढच्या वर्षी यांना वेगळा फोन घ्या. सारखा माझाच वाजतो."