पिशवी उघडायची नाही

मला लोक चिकाटीची म्हणतात. साफ खोटं! मी जन्माची उतावळी.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत मी मेंदूच्या गाठीतल्या पेशी वाढवत होते. गाठ मोठी झाली की आतल्या पेशींना प्राणवायू पुरत नाही. त्यांनी मरावं की नाही? पण या बेट्या एक प्रथिन साठवतात आणि त्याच्या इशाऱ्यावर प्राणवायूवाचून साखरेवर जगायला शिकतात. वर औषधालाही दाद देत नाहीत. ते प्रथिन मला दाखवायचं होतं. हवा काढलेल्या डब्यात पेशी ठेवायचे आणि दर वेळी तपासणीची पट्टी कोरी, प्रथिनाची रेघ नाहीच. सहा महिने गेले. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, दिवाळीपर्यंत दिसलं नाही तर हा विषय सोडा.

रडवेली होऊन दौंडजवळच्या आमच्या वस्तीवर गेले. आई म्हशींसाठी मुरघास, म्हणजे हवाबंद आंबवलेला चारा, भरत होती. मक्याची कुट्टी पिशवीत दाबायची, हवा काढून तोंड घट्ट बांधायचं आणि दीड महिना हात लावायचा नाही. हे ती वडगाव रासाईला, माहेरी, शिकून आली होती. तिच्यापुढं मी रडगाणं गायलं.

"डबा कितीदा उघडतीस?"

"रोज. त्यातनंच आज एक ताटली काढते, उद्या दुसरी."

"आगं बये! मग बाकीच्यांस्नी हवा लागती की. म्हणून तर म्या मुरघासाला एकच मोठा खड्डा न्हाई केला, बारक्या पिशव्या केल्या. जवा लागंल तवा एकच फोडायची. एवढं शिकलीस ते काय चुलीत घातलंस?"

मला राग आला, खरं सांगते. चौथी शिकलेली बाई मला प्रयोग शिकवणार! पण पुण्याच्या गाडीत बसले आणि चरकले. हवा लागली की ते प्रथिन काही मिनिटांत नाहीसं होतं, हे मी स्वतः वाचलं होतं.

मग प्रत्येक वेळेसाठी वेगळा डबा केला. उघडला की पेशी लगेच बर्फावर. दिवाळीच्या आधी पट्टीवर काळी, ठसठशीत रेघ उमटली.

प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला आई मागच्या बाकावर बसली होती. बाहेरगावच्या परीक्षकांनी विचारलं, "ही वेगळ्या डब्यांची युक्ती कुणाची?"

मी तोंड उघडायच्या आत मागून आवाज आला, "म्या सांगितली. आमच्यात दोन म्हशी हायेत."

सगळे हसले. मी नाही. "खरं आहे, सर," मी म्हणाले, "ही माझी आई." प्रबंध मांडतानाही मी इतकी ताठ उभी नव्हते.